तीन लिटरची छाती

"सोडा मामा, सोडा, सोडा, सोडा! अजून... अजून... थांबू नका!"

आत कुणाची तरी बैलजोडी शर्यतीत सुटली असावी, असा तपासणी घेणाऱ्या एस्तेर मॅडमचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत येत होता. बाकावरचे पेशंट एकमेकांकडे बघून हसले. मी उठून दाराच्या फटीतून डोकावले. आण्णा, म्हणजे माझे वडील सोपान गेजगे, वय वर्षं अठ्ठावन्न, स्टुलावर ताठ बसले होते. गाल फुगलेले, तोंडात पुठ्ठ्याची नळी, नळीला जोडलेलं मशीन आणि मशीनच्या पडद्यावर सरकत चाललेली एक रेघ. ती रेघ काही थांबायला तयार नव्हती. दहा सेकंद झाले, पंधरा झाले, बावीस झाले. शेवटी ओरडून ओरडून मॅडमच दमल्या आणि म्हणाल्या, "पुरे."

आण्णांनी नळी काढली. धाप नाही की खोकला नाही. जणू पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

"मामा, ही छाती आहे का लोहाराचा भाता?"

"सूर धरतो बाई," आण्णा लाजून म्हणाले. "थोरल्या भावाच्या सनईमागं."

मॅडमना त्याचं एवढं काही वाटलं नाही. बाहेर वीस पेशंट बसले होते. नाकाला लावायचा चिमटा आण्णांनी आधीच काढून मुठीत धरला होता. त्यानं जीव घुसमटतो म्हणाले, तेव्हा मॅडमनी "राहू दे, बऱ्याच जणांना सोसत नाही" म्हणून सोडून दिलं होतं. मी परत बाकावर येऊन बसले. मनात म्हटलं, चला, बाकीच्या तपासण्यांचं माहीत नाही, पण ही परीक्षा आण्णा झोपेतसुद्धा पास होतील.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि माझ्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या होत्या. पोरगी चार वर्षांची. आठवड्यातून दोनदा गावाहून एसटीनं मिरजेला यायचं, चार तास मशीनला लावून रक्त धुऊन घ्यायचं आणि परत जायचं. मशीनला जोडायची हाताची शीर एकदा बंद पडून झाली होती, दुसरीही कुरकुरायला लागली होती. असं फार दिवस चालणार नाही, हे डॉक्टरांनी न लपवता सांगितलं होतं. किडनी कुणी द्यायची? आईला साखर होती. नवऱ्याचा रक्तगट जुळत नव्हता. जुळले ते एकटे आण्णा. त्यांच्या रक्ताच्या, लघवीच्या, हृदयाच्या तपासण्या सुरळीत पार पडल्या. वय बघता भूल देण्याआधी फुप्फुसं तपासून घ्या, एवढंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. कागद पुढ्यात होता.

"यांना भूल देता येणार नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद असेल.

"निरोगी माणूस जोरात फुंकतो तेव्हा पहिल्याच सेकंदात पाऊण हिस्सा हवा बाहेर येते. यांची सातवा हिस्सासुद्धा येत नाही. श्वासाच्या नळ्या पार आकसल्यात. बिडी ओढता?"

"जन्मात न्हाई," आण्णा म्हणाले.

"चुलीचा धूर? दगडाच्या खाणीत काम?"

"न्हाई साहेब. म्या तर अजून डोंगर चढतो रोज, शेरडं घेऊन."

"मशीनला तुमचा डोंगर दिसत नाही, मामा. तुम्हाला टेबलावर घेतलं आणि काही झालं तर दोघंही जाल." डॉक्टर वाईट नव्हते. आवाज खाली आणून ते मला म्हणाले, "दुसरं कुणी देणारं आहे का बघा."

दुसरं कुणी नव्हतं.

बाहेर पायरीवर तात्या बसले होते. तात्या म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ, म्हादबा गेजगे, पंचक्रोशीतले नावाजलेले सनईवाले. भाकरीचं गठुडं घेऊन पहाटेच्या गाडीनं आले होते. आण्णांनी त्यांना सांगितलं, "न्हाई म्हणाले." तात्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि गठुडं सोडायला घेतलं.

ते 'बरं' माझ्या काळजात रुतलं. कारण आठच दिवसांपूर्वी आमच्या घरात मी या दोघांचं बोलणं ऐकलं होतं. तात्या म्हणत होते, "पोटाला चीर पडली का खेळ खलास, सोपाना. नीट इचार कर." मी भिंतीपलीकडे पडून होते. त्या दिवसापासून मी तात्यांशी धड बोलले नव्हते. यांना सनईमागं सूर धरायला हक्काचा माणूस पाहिजे, पुतणी मेली तरी चालेल, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आता मशीननंच त्यांच्या मनासारखं केलं होतं.

त्या दिवशी माझा रक्त धुवायचा दिवस होता. डावा हात मशीनला बांधलेला, उजव्या हातात आण्णांचा रिपोर्ट. चार तासांत दुसरं करणार काय, म्हणून मी तो कागद वाचत पडले. इंग्रजी मला बेताचंच येतं, पण आकडे येतात. लग्नाआधी सात वर्षं मी गावच्या दूध डेअरीत माप घेत होते. कुणाच्या किटलीत किती दूध बसतं, हे मला बघताक्षणी कळायचं आणि कुणी किती पाणी घातलंय, तेही बऱ्याचदा कळायचं.

कागदावर दोन रकाने होते. एकात या उंचीच्या आणि वयाच्या माणसाची छाती केवढी असायला हवी ते, दुसऱ्यात प्रत्यक्षात किती हवा आली ते. पहिला आकडा होता तीन पूर्णांक एक लिटर. दुसरा होता सहा पूर्णांक चार.

मी तो आकडा दोनदा वाचला. तीन लिटरच्या किटलीतून सहा लिटर दूध निघालं तर डेअरीतली कुठलीही पोरगी सांगेल, की मागून कुणीतरी ओततंय.

आणि मग मला ते दिसलं. आण्णांचे फुगलेले गाल दिसले. मुठीतला चिमटा दिसला.

सूर म्हणजे सनईसारखीच नळी, पण तिच्यावर बोटं फिरवायची नसतात. पुढच्यानं सनईवर काय वाटेल ते वाजवावं, मागच्यानं एकच स्वर अखंड धरून ठेवायचा. तो मध्ये तुटला तर सनई उघडी पडते. माणसाला श्वास तर घ्यावाच लागतो, मग त्याची एक युक्ती आहे. गालात वारा साठवायचा. गाल आवळून तो वारा नळीत सोडत राहायचं आणि त्याच वेळी नाकानं नवा श्वास आत ओढायचा. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. आण्णा बारा वर्षांचे असताना आजोबांनी त्यांना पाण्यानं भरलेल्या तांब्यात ज्वारीच्या ताटाची पोकळ नळी धरून फुंकायला बसवलं होतं. बुडबुडा थांबला की पाठीत रट्टा. सहा महिन्यांनी बुडबुडा थांबायचा बंद झाला, तो आजतागायत थांबला नव्हता.

मशीननं मोजलं ते आण्णांचं फुप्फुस नव्हतंच. एका बाजूनं हळूहळू सोडणं आणि दुसऱ्या बाजूनं चोरून घेणं, असं बावीस सेकंद चाललेलं त्यांचं कसब त्यानं मोजलं होतं. मशीनच्या हिशेबी जो माणूस इतक्या सावकाश आणि इतका वेळ फुंकतो, त्याच्या नळ्या आकसलेल्याच असणार.

हातावरची पट्टी दाबून धरत मी तशीच एस्तेर मॅडमच्या खोलीत गेले. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या बाई. डबा खायला बसल्या होत्या. मी कागद पुढे केला आणि किटलीचं आणि सुराचं सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील. आम्हाला शिकवतेस का, म्हणतील. त्या घास हातात धरून तो आकडा बघत राहिल्या.

"हा आकडा मी काल बघितला होता," त्या म्हणाल्या. "बघितला आणि भाता म्हणून हसले. हसायच्या जागी थांबायला हवं होतं." त्यांनी डबा बंद केला. "मालन, चूक माझी आहे. चिमटा काढू द्यायलाच नको होता. बोलाव तुझ्या वडलांना."

"जेवा की आधी."

"जेवण कुठं पळून जातंय?"

आण्णा आले. मॅडमनी त्यांना पुन्हा स्टुलावर बसवलं आणि या वेळी नीट समजावलं. "मामा, छातीच्या तळाशी एक पडदा असतो. तो खाली जातो, बरगड्या उघडतात आणि हवा आपोआप आत शिरते. सोडताना पडदा वर येतो. मला तुमची हुशारी नको, ती काल बघितली. छाती गच्च भरा आणि सगळी हवा एका झटक्यात बाहेर फेका. भिंत फुटली पाहिजे. मग रिकामं होईपर्यंत ढकलत राहा. नाकाला मी चिमटा लावतेय, त्याला हात लावायचा नाही."

"बरं बाई."

"आणि आठ वेळांच्या वर करता येत नाही. त्यानंतर माणूस थकतो, मग आकडे ग्राह्य धरत नाहीत. त्यात तीनदा सारखं यायला हवं."

आण्णांनी श्वास भरला. मॅडम ओरडल्या. आणि आण्णांनी लग्नात धरावा तसा बारीक, एकसारखा वारा सोडायला सुरुवात केली. पडद्यावर रेघ आडवी पडली. चिमट्यामुळं नाकानं घेता येईना, तसे चेहरा लालबुंद करून थांबले.

"झटक्यात, मामा!"

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा सुरुवात जरा जोरात झाली आणि लगेच आवरती घेतली. चौथ्यांदा मॅडम टेबलावर हात आपटत होत्या. पाचव्यांदा आण्णा मधेच थांबले आणि नळी काढून मान खाली घालून बसले.

"अर्धी हवा आत ठेवताय तुम्ही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा घसा बसला होता. "का ठेवताय?"

"मुद्दाम न्हाई ठेवत. ती ऱ्हातीया."

"आण्णा," मी म्हणाले, "पोरीला सांभाळायला मी नसले तर..."

"मला कळत न्हाई का ते?" आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "समदं कळतंय, मालन. काळीज काढून दे म्हण, दीन. पर ह्ये हुईना. रिकामी व्हायला लागली का छातीच आवळती. शेहेचाळीस वर्षं जे करायचं न्हाई म्हणून शिकलो, ते आता कसं करू?"

तीन वेळा उरल्या होत्या. आता एकदाही चुकून चालणार नव्हतं.

दारात खाकरल्याचा आवाज आला. तात्या उभे होते. किती वेळ उभे होते, कोण जाणे. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि आत आले.

"नातेवाइकांनी बाहेर थांबायचं," मॅडम म्हणाल्या.

"दोन मिंटं, बाई."

मला राग आला. म्हटलं, आता काय राहिलंय यांचं? पण तात्या माझ्याकडे बघतच नव्हते. ते आण्णांच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ जाऊन उभे राहिले.

आमच्यात एक रीत आहे. सूर धरणाऱ्यानं आपण होऊन कधी थांबायचं नसतं. मंगलाष्टका संपोत, वरात दारात येवो, पाऊस येवो, पुढचा जोवर सनई उतरवून कपाळाला लावत नाही, तोवर मागच्यानं श्वास मोडायचा नाही. पुढच्यानं सनई कपाळाला लावली, की मगच मागचा मोकळा.

तात्यांच्या हातात सनई नव्हती. त्यांनी दोन्ही मुठी एकावर एक धरल्या, सनई धरतात तशा, आणि त्या उचलून कपाळाला लावल्या. डोळे मिटून क्षणभर तशाच ठेवल्या.

"झालं, सोपाना," ते म्हणाले. "अक्षता पडल्या. सोड आता. समदं सोड."

आण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग स्वतःच चिमटा नाकाला लावला आणि नळी तोंडात धरली. छाती भरली. मॅडमना ओरडावंही लागलं नाही. आण्णांच्या तोंडून असा काही वारा सुटला, की आम्ही तिघंही दचकलो. पडद्यावरची रेघ ताडकन वर गेली आणि उतरत उतरत पार तळाला आली. तरी आण्णा ढकलतच होते. खांदे पुढं आले, पाठीला बाक आला, मान थरथरायला लागली. शेवटी हुंदक्यासारखा आवाज करून त्यांनी श्वास आत ओढला आणि खोकत खोकत रडायलाच लागले.

"पहिल्या सेकंदाला अडीच लिटर," मॅडम म्हणाल्या. "एकूण तीन पूर्णांक तीन." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मामा, पस्तिशीतल्या माणसाची फुप्फुसं आहेत तुमची. अजून दोनदा असंच करायचं."

सातव्यांदा आणि आठव्यांदा आण्णांनी तसंच केलं. आकडे जवळजवळ सारखे आले.

मशीनमधून कागद बाहेर येत असताना आण्णांनी हळूच विचारलं, "बाई, आत काय उरलं का?"

"दीडेक लिटर उरलं की. कितीही फुंका, तेवढी हवा आतच राहते. ती कुणाच्यानं निघत नाही आणि या मशीनला मोजताही येत नाही. माणूस जी देतो, तेवढीच हे मोजतं."

"म्हंजे पुरता रिकामा झालो न्हाई म्हणा."

"नाही हो. कुणीच होत नाही."

आण्णा पहिल्यांदा हसले. "हे आमच्या बाला सांगाया पायजे हुतं," ते म्हणाले. "लई मार वाचला असता."

मॅडम कागद घेऊन स्वतः भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. आधीच्या रिपोर्टवर आपल्या हातानं चूक लिहून खाली सही केली. नोकरीच्या फाइलीत अशी सही घालायला काय लागतं, हे तेव्हा मला कळत नव्हतं, आता कळतं. पुढं दरवर्षी माघात मी त्यांच्याकडे घरचं तूप घेऊन जायचे. "माझ्या चुकीला तूप कसलं देतेस?" म्हणायच्या आणि बरणी मात्र दोन्ही हातांनी घ्यायच्या. त्या निवृत्त होऊन मुलीकडे पुण्याला गेल्या, तरी तूप जातंच. त्यांच्या त्या कागदामुळं माझी पोरगी आज कॉलेजात आहे. आण्णांची किडनी माझ्या पोटात तक्रार न करता काम करतेय, आणि आण्णा पंच्याहत्तराव्या वर्षीही शेरडांमागं डोंगरावर आहेत. सकाळी जाग आली की पहिला श्वास मी हात जोडूनच घेते. लोक देवाला जोडतात. मी कुणाकुणाला जोडते, ते आता तुम्हाला कळलंच.

त्यातलं एक नाव मात्र ऑपरेशन झालं तरी माझ्या यादीत नव्हतं.

ऑपरेशननंतरच्या सहाव्या दिवशी मला चालायला सोडलं. भिंत धरत धरत मी पुरुषांच्या वॉर्डात गेले. आण्णा झोपले होते. कॉटशेजारी स्टुलावर तात्या बसले होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून ते गावाला गेलेच नव्हते, हे मला नर्सनं सांगितलं. तीन महिने आण्णांना पोटावर जोर द्यायचा नव्हता, म्हणजे सूर धरायचा नव्हता. आणि लगीनसराई तर तोंडावर आली होती.

"बस," तात्या उठून म्हणाले. मी स्टुलावर बसले. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"तात्या, मी तुमच्यावर राग धरला होता."

"ठाव हाय."

"तुम्ही आण्णांना नको म्हणालात, ते ऐकलं मी."

"म्हणालो हुतो." त्यांनी नाकबूल केलं नाही. "भ्यालो हुतो, बाय."

"सूर जाईल म्हणून?"

"सुराचं काय घिऊन बसलीस? बाजारात ईस माणसं हाईत सूर धरणारी. कवठ्याचा शिवाप्पा तर तयारच बसलाय. परवा त्येचा सांगावाबी आला."

"मग काय म्हणालात त्याला?"

"नगं म्हणालो. औंदा वाजवायचं न्हाई. समद्या सुपाऱ्या परत केल्या."

अख्खी लगीनसराई घरात बसणारा सनईवाला मी पाहिला नव्हता. "शिवाप्पा चांगला धरतो की," मी म्हणाले.

"धरतो. सोपानापरास चांगला धरत असंल. पर चाळीस वर्षांत म्या एकदाबी मागं वळून बघितलं न्हाई, मालन. ह्यो हाय का न्हाई, ते बघायचं कामच पडलं न्हाई कधी. आता दुसरं कुणी बसलं, तर वाजवायचं सोडून मागंच बघत ऱ्हाईन म्या."

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेले, तर टाके ओढले आणि मी मधेच थांबले. तात्यांनी माझा दंड धरून मला परत बसवलं. "टाक्यांचं बघ आधी," ते म्हणाले. मग ते कॉटच्या कडेवर टेकले आणि झोपलेल्या भावाची छाती वरखाली होताना बघत बसले.